डब्यामागचा आकडा : युरोपीय मोटारींचे तेल आणि त्याची निवड

मोटारीच्या इंजिनात घालायचे तेल ही विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात बाजारातून पारखून आणायची वस्तू होती. मिस्त्री सांगेल ते किंवा पेट्रोल पंपावर मिळेल ते, ऋतुमानाप्रमाणे थोडे पातळ वा थोडे दाट, एवढ्यावर काम भागत असे. युरोपातील मोटार उत्पादकांनी गेल्या तीसएक वर्षांत ही स्थिती मुळापासून बदलली. त्यांनी तेलाला इंजिनाच्या आराखड्यातच जागा दिली, पिस्टन, बेअरिंग किंवा टायमिंग चेन यांना सुट्या भागांचे क्रमांक असतात त्याप्रमाणे तेलालाही क्रमांक दिले, आणि त्या क्रमांकाच्या तेलावरच इंजिनाच्या टिकाऊपणाचे गणित बांधले. डब्याच्या दर्शनी बाजूला कंपनीचे नाव, ‘फुल्ली सिंथेटिक’ ही ठळक अक्षरे आणि दाटपणाची श्रेणी असते; निर्णायक क्रमांक बहुधा मागच्या बाजूला बारीक टायपात छापलेला असतो, आणि तो वाचणारा ग्राहक विरळा. युरोपीय गाडीचे तेल चांगले की वाईट याचा निकाल त्या बारीक ओळीत लागतो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. भारतात मर्सिडीज-बेंझची जुळणी १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या आवारात सुरू झाली. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडा ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज या दोघांचेही कारखाने उभे राहिले. या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या, तसेच आयात झालेल्या बीएमडब्ल्यू, ऑडी, व्होल्वो गाड्यांपैकी असंख्य आज दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आहेत, त्यांची वॉरंटी केव्हाच संपली आहे, आणि त्यांची सर्व्हिसिंग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न होता ओळखीच्या गॅरेजमध्ये होते. त्या गॅरेजमधला मेकॅनिक पुष्कळदा अत्यंत कुशल असतो. परंतु गाडीबरोबरचे माहितीपुस्तक पहिल्या मालकाच्या घरीच राहिलेले असते, आणि तेलाचा क्रमांक त्या पुस्तकात असतो.

इंजिन तेलाची कामे अनेक आहेत. एकमेकांवर घासणाऱ्या धातूंच्या मध्ये थर धरून ठेवणे हे पहिले. त्याखेरीज पिस्टनची उष्णता चेंबरपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या पात्रापर्यंत, वाहून आणणे, जळणातून तयार होणारी आम्ले निष्प्रभ करणे, काजळी एका जागी साचू न देता तरंगत ठेवणे, मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोच्या दांड्याला आधार देणे, आणि अलीकडच्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा व चेनचे टेन्शनर आपल्या दाबाने चालवणे, ही सगळी कामे तेच तेल करते. त्यासाठी मूळ तेलात, ज्याला बेस ऑइल म्हणतात, अनेक रासायनिक पूरके मिसळलेली असतात : कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची संयुगे असलेली, आम्लांना उतारा देणारी मलशोधके, काजळीचे कण सुटे ठेवणारी विखुरके, तापल्यावर तेल फार पातळ होऊ नये म्हणून घातलेली लांब साखळीची बहुवारिके, आणि जस्त, फॉस्फरस व गंधक यांचे ‘झेडडीडीपी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे संयुग, जे धातू धातूला टेकण्याच्या क्षणी पृष्ठभागावर संरक्षक लेप तयार करते. डब्यावरच्या नावात यांपैकी कशाचाही पत्ता लागत नाही.

दाटपणा, शास्त्रीय परिभाषेत श्यानता, हा मात्र सर्वांना परिचित असलेला गुण. ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘१५डब्ल्यू-४०’ ही श्रेणी अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या मानकातून आली आहे. त्यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे आहे : ५डब्ल्यू तेलाला उणे ३० अंश सेल्सिअसला, तर १५डब्ल्यू तेलाला उणे २० अंशांना इंजिन फिरू देण्याइतके पातळ राहावे लागते. पुढचा आकडा १०० अंशांच्या तपमानाला मोजलेल्या दाटपणाचा असून ३० या वर्गासाठी ती मर्यादा ९.३ ते १२.५, आणि ४० या वर्गासाठी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक अशी आहे. महाबळेश्वरच्या कडाक्याच्या थंडीतही उणे ३० अंशांचा प्रश्न येत नाही, तेव्हा पहिल्या आकड्याशी आपल्याला कर्तव्य नाही असे अनेकदा सांगितले जाते. ते अर्धवट खरे आहे, कारण पहाटेच्या १५ अंशांतही २०डब्ल्यू-५० तेल ५डब्ल्यू तेलापेक्षा कितीतरी दाट असते आणि स्टार्टर मारल्यानंतर वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचायला त्याला जास्त वेळ लागतो. बारीक तेलवाहिन्यांच्या युरोपीय इंजिनात त्या काही सेकंदांना किंमत आहे.

परंतु १०० अंशांना संथपणे वाहणाऱ्या तेलाचा दाटपणा मोजून बेअरिंगमधील स्थिती कळत नाही. तेथे तेल याहून बरेच तापलेले असते आणि दोन पृष्ठभागांच्या चिंचोळ्या फटीत अतिशय वेगाने कातरले जाते. बहुवारिकांच्या साखळ्या त्या कातरणीत प्रवाहाच्या दिशेने आडव्या होतात आणि तेल तात्पुरते पातळ होते. म्हणून १५० अंश तपमानाला व उच्च कातरवेगाला मोजलेला दाटपणा ही वेगळी कसोटी ठरवण्यात आली असून ती ‘एचटीएचएस’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. जर्मन अभियंत्यांनी या कसोटीला महत्त्व दिले त्याचे कारण त्यांच्या रस्त्यांत आहे. ऑटोबानच्या बऱ्याच भागांत वेगाला बंधन नाही, तेथे गाडी तासन्‌तास ताशी १८० किंवा २०० किलोमीटरने जाऊ शकते, आणि अशा वेळी तेलाचा थर टिकवण्यासाठी हे मूल्य किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद असावे असा आग्रह तेथील उत्पादकांनी धरला. वेगमर्यादा असलेल्या आणि इंधनबचतीच्या कायद्यांनी बांधलेल्या अमेरिकी व जपानी उत्पादकांना त्याहून पातळ तेल चालत होते. परिणाम असा की ‘५डब्ल्यू-३०’ हीच अक्षरे असलेले दोन डबे शेजारी ठेवले असता एकातील तेलाचे हे मूल्य २.९ च्या आसपास आणि दुसऱ्यातील ३.५ च्या वर असू शकते. दोन्ही तेले उत्तम असतील, दोन्ही महाग असतील, आणि तरीही जुन्या मर्सिडीजला त्यांतील एकच चालेल. दाटपणाची श्रेणी पाहून तेल घेणारा ग्राहक हा भेद ओळखूच शकत नाही.

हा भेद नोंदवण्याचे काम एसीईए करते. युरोपातील मोटार उत्पादकांची ही संघटना १९९१ मध्ये सध्याच्या रूपात आली आणि १९९६ मध्ये तिने तेलांच्या कसोट्यांचा पहिला संच अमलात आणला. तिच्या वर्गीकरणात प्रवासी गाड्यांसाठी दोन मोठी कुळे आहेत. ‘ए’ आणि ‘बी’ ही जोडीने येणारी अक्षरे पेट्रोल व डिझेल इंजिनांच्या पारंपरिक तेलांची. त्यांपैकी ‘ए३/बी४’ या वर्गात ३.५ ची कसोटी पाळली जाते आणि पूरकांचे प्रमाण भरपूर असते, तर ‘ए५/बी५’ हा पातळ वर्ग असून तो त्यासाठीच आखलेल्या इंजिनांपुरता आहे. ‘सी’ हे दुसरे कूळ धुराड्यात काजळीचा गाळणीसंच, म्हणजे डीपीएफ, असलेल्या गाड्यांसाठी निर्माण करावे लागले.

त्यामागचे रसायन समजून घेण्यासारखे आहे. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी ठरावीक अंतराने सुमारे ६०० अंशांना जाळून टाकता येते. पण इंजिनात थोडेथोडे जळणारे तेल आपल्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्त यांची राख मागे ठेवते, ती कधीच जळत नाही आणि गाळणीची भोके कायमची बुजवत जाते. फॉस्फरस उत्प्रेरकाला निकामी करतो. तेव्हा राख, फॉस्फरस आणि गंधक या तिन्हींना मर्यादा घालणे भाग पडले : ए३/बी४ तेलात राखेचे प्रमाण १.० ते १.६ टक्के असते, सी३ तेलात ते ०.८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, आणि सी४ सारख्या वर्गात ०.५ टक्क्यांच्या. पण राख कमी करायची म्हणजे आम्लांना उतारा देणारी धातुसंयुगेच कमी करायची. तेलाची ही आम्लनिवारक शक्ती ‘टीबीएन’ या आकड्याने मोजतात. ए३/बी४ मध्ये तो किमान १० असावा लागतो, सी३ मध्ये ६ चालतो. इंधनात गंधक जास्त असेल तर जळताना आम्लही जास्त होते आणि कमी राखेच्या तेलाची शक्ती मुदतीआधी संपते.

येथे भारतीय मालकाच्या अडचणीचे खरे मूळ सापडते. युरोपात पेट्रोल-डिझेलमधील गंधक दशलक्षात १० भागांवर आले त्या काळात भारतात बीएस-३ चे डिझेल ३५० भागांचे आणि पेट्रोल १५० भागांचे होते. बीएस-४ ने दोन्ही ५० भागांवर आणली, पण ते इंधन २०१० मध्ये मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत आणि देशभर २०१७ मध्येच पोचले. १० भागांचे बीएस-६ इंधन सर्वत्र मिळू लागले ते १ एप्रिल २०२० पासून. म्हणजे जवळजवळ वीस वर्षे युरोपीय इंजिने भारतात धावत होती, पण ज्या इंधनासाठी त्यांची सर्वांत नवी तेले बनवली होती ते इंधन येथे नव्हते. बीएमडब्ल्यूने ही गोष्ट लेखी नोंदवून ठेवली होती : तिचे ‘लाँगलाइफ-०४’ हे कमी राखेचे तेल पेट्रोल इंजिनांत युरोपीय संघ आणि काही शेजारी देशांतच वापरावे, अन्यत्र पेट्रोल इंजिनांना जुने ‘लाँगलाइफ-०१’ द्यावे, असा तिचा निर्देश होता. नंतरचे वर्ष, मोठा आकडा आणि जास्त किंमत पाहून ०४ घेणाऱ्या मालकाने त्या काळात आपल्या पेट्रोल गाडीचे कल्याण केले नाही. आज इंधन सुधारले आहे, त्यामुळे कमी राखेच्या तेलांवरचा तो आक्षेप बराचसा उरलेला नाही. परंतु डीपीएफ नसलेल्या जुन्या इंजिनाला ए३/बी४ कुळातील तेलच पुस्तकात सांगितले असेल तर ते सोडण्याचेही काही कारण नाही.

एसीईएचा वर्ग हा किमान पाया समजावा. त्यावर प्रत्येक उत्पादकाने आपले मजले चढवले आहेत. फोक्सवॅगन समूहात, ज्यात स्कोडा आणि ऑडीही येतात, ५०२ ०० हा क्रमांक पेट्रोल इंजिनांचा व ५०५ ०० हा डिझेलचा; ५०४ ०० आणि ५०७ ०० ही जोडी दीर्घ मुदतीची आणि डीपीएफला चालणारी; ५०८ ०० आणि ५०९ ०० ही अलीकडची ०डब्ल्यू-२० जोडी, जी ओळखू यावी म्हणून हिरव्या रंगाची केली आहे आणि जुन्या इंजिनांत घालायची नाही. मर्सिडीजमध्ये २२९.३ व २२९.५ हे पारंपरिक कुळातील, तर २२९.३१, २२९.५१ आणि २२९.५२ हे कमी राखेचे क्रमांक आहेत. रेनॉची आरएन, पोर्शेची ए४० व सी३० ही नावे याच पद्धतीची आहेत.

यांतील ५०५ ०१ या क्रमांकाची हकीकत विशेष बोधक आहे, कारण ती महाराष्ट्रात तयार झालेल्या गाड्यांशी थेट निगडित आहे. फोक्सवॅगनच्या ‘पुंपे-ड्यूझ’ डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पंप जोडलेला इंजेक्टर असे, आणि तो पंप कॅमशाफ्टवरच्या एका जादा कॅमने दाबला जाऊन २००० बारहून अधिक दाब निर्माण करी. या जादा कॅमला जागा देण्यासाठी व्हॉल्व्ह उघडणारे कॅम अरुंद करावे लागले, म्हणजे कमी रुंदीच्या धातूवर जास्त भार आला. साध्या डिझेल तेलाचा थर तेथे टिकत नसे; त्यासाठी कॅमच्या झिजेची स्वतंत्र चाचणी लावून ५०५ ०१ हा क्रमांक काढण्यात आला. भारतात २००५ च्या सुमारास आलेल्या स्कोडा लॉराच्या १.९ टीडीआय इंजिनाची रचना हीच होती. अशा इंजिनात ट्रकसाठी बनवलेले १५डब्ल्यू-४० तेल घातले तर पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही, गाडी पूर्वीसारखीच चालते, किंबहुना आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटतो; झीज मात्र सुरू झालेली असते, आणि काही वर्षांनी हेड उघडले की कॅमची टोके गोल झालेली आणि टॅपेटवर खड्डे पडलेले दिसतात. चुकीच्या तेलाचा दोष इतका उशिरा प्रकट होतो की तोपर्यंत त्याचा संबंध तेलाशी जोडणारा कोणी उरत नाही.

डब्याच्या मागची ओळ वाचताना शब्दांचे वजन जाणून घ्यावे लागते. ‘अप्रूव्हड’ किंवा ‘अप्रूव्हल’ याचा अर्थ तेलाच्या त्या विशिष्ट मिश्रणाचे नमुने आणि चाचण्यांचे निकाल गाडीच्या उत्पादकाकडे गेले आहेत व त्याने लेखी मान्यता दिली आहे. ‘मीट्स द रिक्वायरमेंट्स ऑफ’, ‘सुटेबल फॉर’, ‘रेकमेंडेड फॉर’ या शब्दांचा अर्थ असा की तेल बनवणाऱ्याच्या स्वतःच्या मते ते त्या गाडीला चालेल. दुसऱ्या प्रकारचे तेल वाईटच असते असे नाही. चाचण्यांचा खर्च मोठा असतो आणि लहान उत्पादकांना तो परवडत नाही. पण ग्राहकाच्या हाती दुसरा पुरावा नसताना त्याने मान्यतेचाच आग्रह धरावा, आणि त्यासाठी थोडे श्रम घ्यावेत. मर्सिडीज आपल्या प्रत्येक क्रमांकाखाली मान्यता मिळालेल्या तेलांची यादी इंटरनेटवर सर्वांना खुली ठेवते. त्या यादीत तेलाचे पूर्ण नाव शोधावे, कारण एकाच कंपनीच्या एकाच रंगाच्या दोन डब्यांपैकी एकाला मान्यता असते आणि दुसऱ्याला नसते. कंपनी कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा. जर्मनीतील लिक्वी मोली आणि फुक्स, फ्रान्समधील मोतुल आणि टोटल, तसेच शेल, मोबिल, कॅस्ट्रॉल या सर्वांकडे मान्यताप्राप्त तेले आहेत. योग्य क्रमांक असेल तर त्यांच्यातील निवड किमतीवर आणि खात्रीच्या दुकानावर सोपवायला हरकत नाही.

‘सिंथेटिक’ या शब्दाची भुरळ त्यामानाने फार मोठी आहे. बेस ऑइलचे पाच गट मानले जातात : पहिले तीन खनिज तेलापासून शुद्धीकरणाच्या चढत्या पायऱ्यांनी मिळतात, चौथा पॉलिअल्फाओलेफिन या संश्लेषित द्रवाचा, आणि पाचव्यात एस्टरसह उरलेले सर्व. तिसऱ्या गटातील तेलावर हायड्रोजनची इतकी खोल प्रक्रिया केलेली असते की त्याचे गुण चौथ्याच्या जवळ जातात. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातील वादात जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या मंडळाने अशा तेलाला सिंथेटिक म्हणण्यास आडकाठी घेतली नाही, आणि तेव्हापासून जगाच्या बहुतेक भागात हा शब्द सैल झाला. जर्मनीत मात्र ‘पूर्ण संश्लेषित’ हे वर्णन चौथ्या-पाचव्या गटासाठी राखले जाते आणि तिसऱ्या गटाच्या डब्यावर ‘एचसी-सिंथेज’ असे लिहिलेले आढळते. वंगणाचा इतिहास पाहता श्रेष्ठत्व एका प्रकारच्या तेलाकडे कायमचे राहिलेले नाही. कॅस्ट्रॉल हे नावच एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आलेले आहे, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विमानांच्या आणि मोटारींच्या इंजिनांना एरंडेलाच्या मिश्रणाइतके टिकाऊ वंगण दुसरे नव्हते.

सिंथेटिक म्हणजे नेहमीच सरस, या समजुतीला सर्वांत मोठा धक्का २०१३ मध्ये फोक्सवॅगनकडूनच बसला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने कोरड्या क्लचच्या सात गतींच्या डीएसजी गिअरबॉक्सच्या सुमारे १६ लाख गाड्या जगभरातून परत बोलावल्या, आणि त्या गिअरबॉक्समधील सिंथेटिक तेल काढून त्याजागी खनिज तेल भरले. उष्ण व दमट हवामानात, रांगत चालणाऱ्या वाहतुकीत, त्या सिंथेटिक तेलामुळे गिअरबॉक्सच्या विद्युत भागात बिघाड होऊ शकत होता. उष्ण, दमट आणि रांगती वाहतूक हे वर्णन मुंबईला जसेच्या तसे लागू पडते.

तेल बदलण्याच्या मुदतीबाबतही देशोदेशीचा फरक विसरता येत नाही. युरोपात फोक्सवॅगनच्या ५०४/५०७ तेलावर ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंतची मुदत दिली गेली. भारतात त्याच समूहाच्या गाड्यांची सर्व्हिसिंग १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल त्या वेळी सांगितली जाते. दादरहून अंधेरीला रोज जाणारी गाडी वर्षाला फार किलोमीटर करीत नाही, पण तिचे इंजिन सिग्नलवर तासन्‌तास चालू असते, आणि ते तास किलोमीटरच्या काट्यावर उमटत नाहीत. उलट पुण्यात घरापासून शाळेपर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येणारी गाडी पूर्ण तापतच नाही, त्यामुळे तेलात उतरलेले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. दोन्ही गाड्यांना वर्षाची मुदत किलोमीटरच्या मुदतीपेक्षा महत्त्वाची आहे. तेल काळे पडले म्हणजे खराब झाले, हा निकष डिझेलला लागू नाही, कारण काजळी सामावून घेणे हे त्याचे कामच आहे; पातळी मात्र दर महिन्याला पाहिली पाहिजे, आणि अनेक नव्या बीएमडब्ल्यू व मर्सिडीज गाड्यांत हाताने पाहायची डिपस्टिकच नसल्याने ती पडद्यावर पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. टर्बो व थेट इंधनफवारा असलेल्या लहान पेट्रोल इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोर दिला असता ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि तेलातील जास्त कॅल्शियम त्याला हातभार लावते असे आढळल्यामुळे २०२० मध्ये आलेल्या अमेरिकी ‘एसपी’ वर्गात त्याविरुद्ध चाचणी घालण्यात आली. अशा गाडीला पूर्वीचे शिल्लक तेल घालून काटकसर करू नये.

गिअरबॉक्सच्या तेलाबाबत ‘आयुष्यभरासाठी भरलेले’ या वाक्प्रयोगाने फार नुकसान केले आहे. ज्या आठ गतींच्या झेडएफ गिअरबॉक्सवर बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्या चालतात, तो बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याचा सल्ला देते. ओल्या क्लचच्या सहा गतींच्या डीएसजीला ६०,००० किलोमीटरची मुदत आहे. आयुष्य कोणाचे, गाडीचे की पहिल्या मालकाच्या वॉरंटीचे, हे दुसऱ्या मालकाने विचारलेच पाहिजे.

इंजिन तेलाच्या खालोखाल हेळसांड होते ती कूलंटची. थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून ते घालतात, आपल्याकडे साधे पाणी चालते, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. वास्तविक ग्लायकॉल आणि पाण्याचे समसमान मिश्रण साध्या वातावरणीय दाबालाही सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही आणि झाकणाच्या दाबाखाली त्याहून वर टिकते. शिवाय त्यातील गंजरोधके ॲल्युमिनियमचे हेड, वॉटर पंप आणि रेडिएटर यांना आतून सांभाळतात. मराठवाड्यातील किंवा सोलापूर भागातील बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षारांचा थर बसतो, म्हणून मिश्रणासाठी डिस्टिल्ड वॉटरच घेतले पाहिजे. रंगावरून कूलंट निवडणे ही दुसरी चूक, कारण रंगाला कोणतेही मानक नाही आणि कोणताही उत्पादक कोणताही रंग घालू शकतो. फोक्सवॅगनचे जी११ हे निळसर हिरवे कूलंट सिलिकेटांवर आधारलेले होते, नंतरचे लाल जी१२ सेंद्रिय आम्लांवर. दोन्ही एकत्र आली की मिश्रण तपकिरी होते, आणि तसे दिसताच संपूर्ण यंत्रणा धुऊन नवे कूलंट भरावे असे कंपनीच बजावते. पुढची जी१२ प्लस प्लस, जी१३ आणि जी१२ ईव्हो ही पिढ्यान्‌पिढ्यांची नावे पाहून गोंधळण्यापेक्षा बाटलीवर ‘टीएल ७७४’ या मानकापुढचे अक्षर वाचावे.

ब्रेक ऑइल हे नावाने ऑइल असले तरी तेल नसून ग्लायकॉल ईथरवर आधारलेला, हवेतील ओलावा शोषणारा द्रव आहे. कोरड्या स्थितीत डॉट ४ वर्गाच्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात हे पाणी होजमधून आणि टाकीच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून हळूहळू आत शिरते, आणि पाच-सहा वर्षे न बदललेल्या द्रवाची गाडी भरल्या सामानानिशी आंबोलीचा किंवा ताम्हिणीचा घाट उतरू लागली की चाकाजवळचा द्रव उकळून त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. पेडल सरळ खाली जाते. पाट्या नव्या असल्या तरी त्याचा काही उपयोग होत नाही. युरोपीय उत्पादक दर दोन वर्षांनी हा द्रव बदलायला सांगतात, आणि महाराष्ट्रात तो पावसाळ्यानंतर बदलणे अधिक शहाणपणाचे. अनेक नव्या गाड्यांतील घसरणरोधक यंत्रणेला कमी दाटपणाचा द्रव लागतो, तो आयएसओ ४९२५ मानकाच्या सहाव्या वर्गातला. साधा डॉट ४ आणि तो यांच्यातील फरकही मागच्या ओळीतच सापडतो.

स्टीअरिंगच्या हिरव्या हायड्रॉलिक द्रवाच्या जागी गिअरबॉक्सचे लाल तेल ओतणे ही गॅरेजांतील नेहमीची चूक आहे. त्या चुकीला जुनी परंपरा आहे : १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सित्रोएन डीएसची झोपाळ्यासारखी सस्पेन्शन यंत्रणा आधी लाल द्रवावर आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हिरव्या खनिज द्रवावर चालू लागली, आणि एकाच्या गाडीत दुसरा भरला की सगळी रबरी सिले फुगून निकामी होत, शेवटी कंपनीने नव्या यंत्रणेचे भागच हिरवे रंगवले. अनेक बीएस-६ डिझेल गाड्यांना लागणारा ॲडब्लू, म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि शुद्ध पाणी यांचे मिश्रण, त्यांच्या वेगळ्या टाकीतच जातो. डिझेलच्या टाकीत चुकून पडला तर इंजिन सुरू न करता टाकी रिकामी करून घ्यावी.

बनावट तेलाची भीती वास्तव आहे आणि तिचा उपाय बराचसा ग्राहकाच्या हातात आहे. खरा डबा, खरे झाकण आणि खरे लेबल मिळाले की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही, म्हणून मोकळे डबे भंगारातून उचलले जातात. तेल बिलासह घ्यावे, बॅच क्रमांक आणि क्यूआर कोड तपासावा, डबा आपल्यासमोर उघडायला सांगावे, आणि रिकामा झालेला डबा तेथेच कापून किंवा भोक पाडून टाकावा. जुने तेल गटारात वा जमिनीवर न ओतता नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडे पोचवणे कायद्याने बंधनकारक आहे. आपले गॅरेज ते कोणाला देते, एवढा प्रश्न तरी विचारावा.

जुन्या युरोपीय गाडीच्या मालकाने पुढच्या सर्व्हिसिंगपूर्वी माहितीपुस्तकातून, आणि पुस्तक हरवले असल्यास चासी क्रमांक देऊन कंपनीच्या डीलरकडून, इंजिन, गिअरबॉक्स, कूलंट आणि ब्रेक या चारींचे क्रमांक मिळवून ते एका कागदावर लिहावेत, तो कागद बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा आणि मेकॅनिकला दाखवावा. गाडी विकणाऱ्यांना विनंती अशी की किल्लीबरोबर ते पुस्तक आणि तेलाची बिलेही नव्या मालकाच्या हाती द्यावीत.